मंगळ वादग्रस्त जाहीर करा

मंगळावर माणसाची वस्ती करायची तर काय काय लागेल, याची यादी शास्त्रज्ञांनी केव्हाच करून ठेवली आहे. हवा लागेल, तिथं आहे ती आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ, आणि तीही 95 टक्के कार्बन डायऑक्साइड. ऊब लागेल, सरासरी तापमान उणे साठच्या आसपास. वाहतं पाणी लागेल. आहे ते गोठलेलं. मातीत पर्क्लोरेट नावाचं विष आहे, ते 2008 साली फिनिक्स यानानं शोधून दिलं. सूर्याचा मारा अडवणारं चुंबकीय कवच तर काही अब्ज वर्षांपूर्वीच गेलं. एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस जागा बघायला जाणार नाही. इलॉन मस्क म्हणतात, होईल सगळं, ध्रुवांवर अणुबॉम्ब टाकू. 2019 साली त्यांनी त्या घोषणेचे टी-शर्टसुद्धा विकायला काढले.

यादी चांगली आहे, खरं तिच्यात मुख्य वस्तूच राहिली आहे. शेजारी. ओसाड जमीन सुधारायला हवा-पाणी नंतर लागतं. आधी तिच्यावर ‘ही आमची’ म्हणणारा दुसरा कुणीतरी लागतो. नासाला हे ठाऊक नाही, कारण नासाचं एकही ऑफिस महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणीत नाही.

पुरावा पाहिजे? जत घ्या. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा दुष्काळी तालुका. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले, जतमधल्या चाळीस गावांनी आमच्याकडं यायचा ठराव केलाय, आम्ही विचार करतोय. झालं! मुंबईला एकाएकी आठवलं की जतला पाणी नाही. म्हैसाळच्या विस्तारित पाणीयोजनेच्या फायलीला पाय फुटले. तोवर कर्नाटकानं पलीकडून जतच्या तलावात पाणी सोडूनही दाखवलं. ठराव 2012 चा जुना आहे, असा खुलासा मुंबईतून झाला. म्हणजे दहा वर्षं घसा तोच कोरडा होता, फक्त गिऱ्हाईक नवं आलं. दोन सरकारं एका तालुक्याला पाणी पाजायला धावतायत, हे दृश्य अणुबॉम्ब टाकून मिळालं नसतं.

दुसरा पुरावा बेळगावच्या हलग्याजवळ हायवेवरूनच दिसतो. कर्नाटकाचं विधानभवन, सुवर्ण विधानसौध. चारशे कोटींच्या घरातली ही वास्तू ऑक्टोबर 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उघडली. त्यानंतर वर्षभरानं इस्रोनं मंगळयान सोडलं, खर्च साधारण साडेचारशे कोटी. दोन्ही कामांचा खर्च जवळपास सारखा, म्हणून हिशेबही एकदा मांडायला हरकत नाही. यान सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, ते आठ वर्षं राबलं. सौध कायमचा बांधला, तो वर्षाला एका अधिवेशनापुरता राबतो. बेळगाव आमचंच, हे दगडात लिहून ठेवायचं होतं, ते ठेवलं. पुढं त्या दगडात काय करायचं, हे अजून ठरतंय.

तरी त्या आवारात एकदा खरीखुरी वस्ती झाली होती. 2022 च्या उन्हाळ्यात तिथल्या एका कामगार बाईनं सौधासमोरच्या फरशीवर शेवया वाळत घातल्या. स्वच्छ फरशी, कडक ऊन, मैलभर पोरं नाहीत की कोंबड्या नाहीत. शेवयांना याहून चांगली जागा अख्ख्या तालुक्यात मिळाली नसती. फोटो फिरला, गहजब झाला, बाईंच्या नोकरीवर आलं. एखादी जागा माणसाला राहण्याजोगी झाली म्हणजे काय, याची व्याख्या करायला मोठमोठ्या परिषदा भरतात. त्या बाईंना विचारलं असतं तरी चाललं असतं.

आता कायद्याकडं वळू. मंगळ वादग्रस्त करायला कायद्याची मोठी अडचण आहे, आणि तिचं साल आमच्या ओळखीचं आहे. जानेवारी 1967 मध्ये वॉशिंग्टन, लंडन आणि मॉस्को इथं अवकाश करार सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या दुसऱ्या कलमाचा अर्थ असा: चंद्र असो की आणखी कुठला ग्रह, कुठल्याही देशाला तो आपला म्हणता येणार नाही, वापर केला म्हणून नाही, तिथं राहिला म्हणून नाही, दुसऱ्या कुठल्या मार्गानंही नाही. त्याच वर्षी ऑगस्टात न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांनी आमच्या सीमावादाचा अहवाल दिला. बेळगाव म्हैसूरकडंच, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडंच राहावं, निपाणी-खानापूर धरून 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापुराकडची 247 गावं म्हैसूरनं घ्यावीत.

एकाच वर्षात आकाशाचा निकाल लागला आणि जमिनीचाही. आकाशाचा शंभराहून जास्त देशांनी मानला. जमिनीचा दोन राज्यांना मानता आला नाही. महाराष्ट्रानं तो फेटाळला; पलीकडच्यांनी सांगितलं, घ्यायचा तर अख्खा घ्या, नाहीतर आहे ते बरं आहे. म्हणून आहे ते आहे. निपाणीची तर कमाल झाली. महाजनांनी ती महाराष्ट्राला दिली, महाराष्ट्रानं महाजनांना नाकारलं, आणि निपाणी पुणे-बेंगळुरू रस्त्यावर गाड्या मोजत बसली.

अमेरिकेनं मात्र आकाशाच्या कायद्यातूनही पळवाट काढली. 2015 साली त्यांनी घरचा कायदा केला: ग्रहाची जमीन कुणाची नाही, हे कबूल, खरं आमच्या कंपनीनं खणून काढलेला माल कंपनीचा. जगभरचे वकील यावर अजून वाद घालतायत. आमच्याकडं नदीतल्या वाळूबाबत हाच कायदा कित्येक वर्षं चालू आहे आणि तो कुणी लिहूनसुद्धा काढलेला नाही.

शास्त्रज्ञांचंही ऐकायला पाहिजे. 2018 साली ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी हिशेब मांडला, की मंगळावरचा हाताला लागण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला, तरी हवेचा दाब पृथ्वीच्या दोनेक टक्क्यांपर्यंतच जाईल. तेवढ्यात माणूस सूट न घालता बाहेर पडला तर अंगातलं पाणी उकळायला लागेल. प्राणवायूचं तर विचारूच नका. पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्रानं 2021 ते 2023 मध्ये सगळा मिळून 122 ग्रॅम प्राणवायू तयार केला. एवढ्यावर एक लहान कुत्रं दहा तास श्वास घेईल, असं नासाच म्हणते. बेळगावातल्या अनगोळच्या एका गल्लीतल्या कुत्र्यांची रात्रीची एक बैठकसुद्धा तेवढ्यात उरकायची नाही. झाडं लावून श्वास घेण्याजोगी हवा करायची म्हटलं, तर 1991 च्या एका अभ्यासात लाखभर वर्षांचा अंदाज दिलाय.

ताजी शक्कल 2024 ची. मंगळाच्याच मातीतलं लोखंड आणि अॅल्युमिनियम काढायचं, त्याच्या धुळीएवढ्या बारीक कांड्या करायच्या आणि त्या हवेत सोडत राहायचं. ऊब अडकते, आणि ग्रह तीसेक अंशांनी तापतो म्हणे. उद्यमबागेत फौंड्री चालवणाऱ्या एका दोस्ताला हे सांगितलं. तो भट्टीजवळ उभा होता, हातात मोडकं कास्टिंग, भुवयांवर काळी पूड.

“हे तर आमी तीस वर्सं करालोय की,” तो म्हणाला.

“काय करालास?”

“लोखंडाची धूळ हवेत सोडालोय. हितं नोटीस देतात, तिथं पेपरात छापतात. तिथं लाइट किती वेळ असती?”

“दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा असतोय.”

“मग शिफ्टचं जमतंय. खरं भाडं त्यांचं. माल गेटवर उचलायचा, आणि नव्वद दिवसांची उधारी चालायची नाही.”

एवढा सरळ व्यवहार मंगळाच्या बाबतीत आजवर कुणी बोललं नसेल.

नावाचा प्रश्न मात्र बिकट आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा नियम असा, की मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावं द्यायची, आणि गावाची वस्ती लाखाच्या आत पाहिजे. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातलं मुरसान आणि बिहारमधलं हिलसा ही गावं या नियमानं मंगळावर गेली. बुलढाण्याचं लोणार तर 2007 पासूनच तिथं आहे. महाराष्ट्रानं एक गाव आधीच पोचतं केलंय, याची नोंद दुसऱ्या बाजूनं घ्यावी. बेळगाव या नियमात बसत नाही, वस्ती जास्त. निपाणी बसते. 2011 च्या जनगणनेत ती लाखाच्या खूप आत होती.

उद्या मंगळावर निपाणी नावाचं विवर झालं असं समजा. सकाळी बातमी, दुपारी मोर्चा. इंग्रजीत एक ‘पी’ की दोन, यावर निवेदनं. कर्नाटकाचा 2024 चा कायदा सांगतो, पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे. महाराष्ट्राचा नियम सांगतो, मराठी देवनागरीत आणि ठळक पाहिजे. विवराला पाटी नसते, ही अडचण कुणालाही मोठी वाटणार नाही. आधी पाटी लावू, मग ती काढू. बेळगावजवळच्या येळ्ळूरकरांना विचारा. ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ एवढ्या तीन शब्दांच्या फलकापायी जुलै 2014 मध्ये त्या गावानं लाठ्या खाल्ल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं. ते ठरल्या वेळी पोचलं, कारण वाटेत एकही फलक नव्हता.

मग पाणी. मंगळाच्या ध्रुवांवर पाण्याचं बर्फ आहे, ते वितळवायचं ठरलंय. वितळवणं सोपं, वाटणार कोण? इथं खानापूर तालुक्यात उगवणाऱ्या म्हादईसाठी लवाद बसला, आणि ऑगस्ट 2018 मध्ये त्यानं गोव्याला 24, कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिलं. दशांशानंतर दोन आकड्यांपर्यंत न्याय झाला. तिघंही नाराज, आणि कळसा-भांडुरा प्रकल्पाचं भांडण आहे तिथंच. तिकडं आलमट्टी धरणाचं पाणी किती मीटरला अडवायचं, यावर कोल्हापूर-सांगली दर पावसाळ्यात जीव मुठीत धरते, आणि वेदगंगेला पूर आला की यमगर्णीजवळ हायवे पाण्याखाली जातो. ज्या ग्रहावर तहसीलदारच नाही तिथं पंचनामा कोण करणार, याचं उत्तर कुठल्याही शास्त्रीय नियतकालिकात आलेलं नाही.

राहता राहिले माणसं निवडायचे निकष. नासानं ह्यूस्टनमध्ये खोटा मंगळ उभारून चार जणांना 378 दिवस कोंडून ठेवलं. जून 2023 ला आत गेले, जुलै 2024 ला बाहेर आले, जगानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्या दिवसांत त्यांना ताजं अन्न आत पिकेल तेवढंच, बाहेरच्यांशी बोलायचं तर उत्तर उशिरा, आणि आपण नेमके कुठं आहोत याचा पत्ता खोटा. आम्ही राज्य पुनर्रचनेत 1 नोव्हेंबर 1956 ला आत गेलो. बाहेर कुणी काढलेलं नाही, टाळ्यांचा तर प्रश्नच नाही.

निरोपाला लागणाऱ्या वेळेचं म्हणाल, तर मंगळावरून पृथ्वीवर संदेश यायला अंतराप्रमाणं तीन ते बावीस मिनिटं लागतात. अंतराळवीरांना म्हणे याचं फार दडपण येतं. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात सीमेचा दावा 2004 साली टाकला, उत्तर अजून यायचंय. त्याच वर्षी जानेवारीत ऑपॉर्च्युनिटी नावाची गाडी मंगळावर उतरली होती. तिचं आयुष्य नव्वद दिवसांचं धरलेलं. ती 2018 पर्यंत चालली आणि 45 किलोमीटर तुडवून गेली. निपाणीहून निघाली असती तर कोल्हापूर मागं टाकलं असतं. धुळीच्या वादळात बिचारी गेली; दावा मात्र ठणठणीत आहे.

कोल्हापूरवरून आठवलं. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्या दोन सीमा समन्वयक मंत्र्यांचा बेळगाव दौरा ठरला. मग तो तीन दिवस पुढं गेला. मग रद्द झाला. मंगळ जवळात जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटर लांब असतो, तिथं यान जातं. मंत्र्यांच्या गाडीला दूधगंगेचा पूल जड गेला. त्याच महिन्यात कर्नाटकाच्या विधिमंडळानं इथं सुवर्ण विधानसौधात ठराव केला की एक इंच जमीन देणार नाही, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळानं नागपुरात ठराव केला की 865 गावांची इंच इंच जमीन घेणार. दोन्ही ठराव एकमतानं. एवढी एकमतं असलेला वाद जगात दुसरा दाखवा.

तेव्हा माझा सल्ला पक्का आहे. मंगळ वादग्रस्त जाहीर करा. अर्धा इकडं, अर्धा तिकडं, मधे एक नाका. दोन वर्षांत तिथं विधानभवन उभं राहील, समन्वय समित्या बसतील, दोन्ही बाजूंच्या बस सुरू होतील. फेब्रुवारी 2025 सारखं कंडक्टर आणि प्रवाशाचं भाषेवरून वाजलं, की त्या बंदही पडतील. इकडं बायकांना बस फुकट, तिकडं निम्मं तिकीट. मंगळावर माणसाचं वजन 38 टक्के भरतं, म्हणजे तिकीटही तेवढंच घ्या म्हणत सवलतींची चढाओढ तिथंही रंगेल.

खरं सल्ला देऊन झाल्यावर एक तळटीप जोडायला हवी, नाहीतर मस्कसाहेब फसतील. हक्क सांगितला की इमारत येते. इमारतीबरोबर जगणं येतंच असं नाही.

वडगाव-शहापूरच्या शिवारात पावसाळ्यात जाऊन बघा. बेळगाव बासमतीचा वास ज्या मातीला होता, ती ही. कुणी हवा घातली नाही, कुणी ऊब अडकवली नाही, आयती मिळालेली जमीन. दरवर्षी बळ्ळारी नाला तुंबतो आणि भाताचं शिवार गटाराच्या पाण्याखाली जातं. राहिलेल्यातून हलगा-मच्छे बायपास काढायचं ठरलं, तेव्हा शेतकरी जेसीबीपुढं आडवे झाले आणि कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. या जमिनीवर दोन राज्यांचा दावा आहे. नाल्यावर कुणाचाच नाही. 865 गावांच्या दाव्यात गाळ कुणी काढायचा, हे कलम दोन्ही वकिलांच्या कागदात नसावं.

त्याच बांधावर एक म्हातारा शेतकरी उतारा उलटापालटा करत उभा असतो. कागद कन्नडमध्ये. जमीन त्याच्या आज्यापासूनची, नाव त्याचंच, आणि ते त्याला वाचता येत नाही. नातू येतो, बोट ठेवून वाचून दाखवतो, कारण नातू शाळेत कन्नड शिकलाय. नातू वाचतो कन्नड, सांगतो मराठीत, म्हातारा मान डोलावतो, आणि शेजारच्या बांधावरचा लिंगायत शेतकरी मोडक्यातोडक्या मराठीत विचारतो, आमचा सर्व्हे नंबर पण बघ रे जरा, बरोबर हाय काय. त्या दोघांमध्ये वाद असेल तर तो पाटाच्या पाळीचा. सरकारनं मराठी कागद द्यावा, हे मागणं रास्तच आहे, आणि ते द्यायला मंगळावर बॉम्ब टाकावा लागत नाही; एक छापखाना पुरतो.

आणि निपाणी. तंबाखूचं गाव. विषारी मातीत पीक कसं काढायचं हे मंगळवाले शोधतायत. इथं चांगल्या मातीत विषाचं पीक काढून पिढ्या जगल्या. त्याचाही नीट भाव मिळेना म्हणून 1981 साली शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन शेतकरी हायवेवर बसले, तीन आठवड्यांहून जास्त. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि डझनभर शेतकरी गेले. मातीत काय उगवतं हे मातीवर असतं. पिकवणारा जगतो का, हे दुसऱ्याच कुणावर तरी असतं, आणि ते ‘दुसरं कुणीतरी’ अजून कुठल्याही ग्रहावर नीट बनवता आलेलं नाही.

म्हणून 1967 चे ते दोन कागद एकदा अदलाबदल करून बघायला काय हरकत आहे? महाजन अहवाल मंगळाला लावा. लवकरात लवकर तो ग्रह प्रगत, गजबजलेला आणि कायमचा प्रलंबित होईल. आणि अवकाश करार 865 गावांना लावा: निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर ही जमीन कुणाच्या बापाची नाही, पण इथं राहणाऱ्याला पाणी, कागद, बस आणि भाताचा भाव देणं ही दोघांची जबाबदारी. त्या करारात अंतराळवीर संकटात सापडला तर कुठल्याही देशानं त्याला मदत करायची, असंही एक कलम आहे. आमच्यासाठी तेवढं एक कलम आधी लागू केलं तरी पुष्कळ झालं.

सह्यांचा कार्यक्रम दूधगंगेच्या पुलावर ठेवू. अर्ध्या खुर्च्या कागलच्या अंगाला, अर्ध्या कोगनोळीच्या. म्हणजे कलेक्टरसाहेबांची प्रवेशबंदी आली, तरी प्रत्येकाला आपापल्या राज्यात बसून सही करता येईल. चहा-पाणी निपाणीकर बघतील. दावा दोघांचा असला तरी बिल आजवर त्यांनीच भरलंय.